मेश बारीक केली की ऊर्जा का घटते

वर तुम्ही म्हटलंय की चिरडल्या जाणाऱ्या कार्बन फायबरच्या नळीचं संगणकातलं मॉडेल, मेश (मॉडेलच्या छोट्या तुकड्यांची, म्हणजे एलिमेंटची जाळी) बारीक केली की कमी ऊर्जा शोषतं, म्हणजे हाशिनचा निकषच (कंपोझिट कधी तुटायला लागतं ते ठरवणारं सूत्र) चुकीचा असावा. मला तसं वाटत नाही. निकष फक्त नुकसान कधी सुरू होतं एवढंच सांगतो. पुढे ताण शून्यावर कसा उतरतो, ते वेगळं गणित. तो उतार थेट स्ट्रेनमध्ये (मूळ लांबीच्या तुलनेतल्या बदलात) दिला असेल, तर नुकसान एलिमेंटच्या एकाच ओळीत कोंडलं जातं आणि ओळ जितकी अरुंद, तितकी ऊर्जा कमी. इलाज जुनाच आहे. बाझंट आणि ओह यांनी १९८३ मध्ये काँक्रीटसाठी मांडलेला: फ्रॅक्चर एनर्जीला (एकक क्षेत्रफळाची भेग पाडायला लागणाऱ्या ऊर्जेला) एलिमेंटच्या लांबीने भागून उतार ठरवायचा.

तरी एवढ्याने भागणार नाही. या नळ्यांना धातूसारख्या घड्या सहसा पडत नाहीत. थर सुटून पाकळ्यांसारखे वळतात, मधल्याचा भुगा होतो. शेलच्या (पातळ पत्र्यासारख्या एलिमेंटच्या) एकाच थरात ते कसं दिसणार? थरांमध्ये कोहेसिव्ह एलिमेंट (थर चिकटवून ठेवणारे, ताण फार वाढला की सुटणारे) घाला.

एलएस-डायना या सिम्युलेशन सॉफ्टवेअरच्या मटेरियल ५४ (कंपोझिटचं तयार मॉडेल) मधला 'सॉफ्ट' हा आकडा चिरडणाऱ्या टोकापुढच्या एलिमेंटची ताकद घटवतो. बलाचा आलेख चाचणीशी छान जुळतो, पण हा आकडा कूपन (छोट्या पट्टीच्या) चाचणीतून येत नाही, नळीच्या चाचणीवरून पिळून काढावा लागतो. (रेडिओचं बटण फिरवल्यासारखं!) नळीचा आकार बदलला की पुन्हा तेच.

बाकी, नळीच्या टोकाला चॅम्फर (तिरकी कापलेली कड) मॉडेल केलाय का? नसेल तर बलाचं पहिलं शिखर अवाच्या सवा येणारच.