रेंज्ड डीपीएसला मराठीत काय म्हणाल? पल्लेदार, टप्प्याचा, की गोलंदाज?

बर्डीचा_तीरवाला
नमस्कार मंडळी, एका जागी अडलोय म्हणून लिहून राहिलो. आमचा नागपूरचा ग्रुप वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमचं क्लासिक खेळतो, मी हंटर, म्हणजे धनुष्यवाला शिकारी आहे. दिवाळीनंतर तीन नवीन पोट्टे आले, तिघंही लांबून मारणारे, म्हणजे रेंज्ड डीपीएस (डीपीएस म्हणजे ज्याचं काम मार देणं). इंग्रजी गाइड दिली तर दोन पानांच्या पुढे जात नाहीत, म्हणून ठरवलं की आपणच मराठीत लिहायची, लांबून मारणारं कॅरेक्टर ४० जणांच्या रेडसाठी (सगळ्यांनी मिळून मोठ्या शत्रूंवर केलेला हल्ला) कसं सुधारायचं ते. पहिली ओळ लिहिली, "पल्लेदार योद्धा धाडीसाठी कसा तयार करावा", आणि काकूंना दाखवली. त्या नागपूरच्या महाल भागातल्या शाळेत मराठी शिकवायच्या. म्हणाल्या, वाक्य पल्लेदार असतं, गाण्यातली तान पल्लेदार असते, माणूस पल्लेदार कसा होईल रे? आणि धाड कायले, दरोडा घालता का तुम्ही? धाडीचं तर आमच्या घरी आधीच झालंय. मी फोनवर "शनिवारी साडेदहाला धाड आहे, सगळ्यांनी वेळेवर या" असं बोललो ते आईनं ऐकलं, आणि पूर्ण समजावून सांगेपर्यंत ती दारातून हलली नाही.

तर तीन शब्द हवेत. रेंज्ड, रेड, आणि 'सुधारणे'ला काही बरं. सुधारणे म्हटलं की आधी काहीतरी बिघडलं होतं असं वाटतं, आणि या पोट्ट्यांचं काही बिघडलेलं नाही, ते फक्त कच्चे आहेत.

धंतोलीकर
काकूंचं बरोबर आहे. 'पल्लेदार' मराठीत फक्त वाक्याला, आवाजाला, तानेला लागतं. 'लांब पल्ल्याचा' म्हणा, क्षेपणास्त्राला आपण तेच म्हणतो. किंवा सरळ 'टप्पा' वापरा. तोफेच्या टप्प्यात आला, नजरेच्या टप्प्याबाहेर गेला, असं आपण रोज बोलतो. पल्ला म्हणजे किती लांब जातं ते, आणि टप्पा म्हणजे कुठपर्यंत पोचतं ती जागा. तुमच्या कामाला टप्पाच जास्त जवळचा आहे.

बर्डीचा_तीरवाला
टप्प्याचं पटलं, आणि का पटलं ते जरा सविस्तर सांगतो. क्लासिकमधे हंटरचा बाण ८ यार्डाच्या आत सुटत नाही आणि भाला-कुऱ्हाड ५ यार्डापर्यंतच पोचते. मधल्या ३ यार्डात तुम्ही उभे असाल तर तुमच्या हातून काहीच होत नाही, नुसते उभे. वरची हद्द ३५ यार्ड, त्यासाठीचं टॅलेंट (निवडून घ्यायचं जादा कौशल्य) घेतलं तर ४१. म्हणजे हंटरला दोन्हीकडून बांधलेलं आहे. 'लांब पल्ल्याचा' म्हटलं की नवीन पोट्ट्याला वाटतं जितकं लांब तितकं चांगलं, मग तो बॉसपासून (रेडमधल्या मोठ्या शत्रूपासून) ४५ यार्डावर भिंतीला टेकून उभा राहतो आणि विचारतो भाऊ माझा बाण काऊन नाही सुटून राहिला.

मागच्या शनिवारी मी त्यातल्या एकाच्या घरी जाऊन त्याच्या मागे खुर्ची टाकून बसलो. गिअर (हत्यार-चिलखत) त्याचं माझ्यापेक्षा चांगलं, धनुष्य तर दीडपट भारी, तरी कोण किती मार देतो ते दाखवणाऱ्या मीटरवर माझ्या खाली. स्क्रीन न बघता फक्त आवाज ऐकला. माझ्याकडे बाणाचा आवाज ठरावीक लयीत येतो, टण्ण, थोडा वेळ, टण्ण. त्याच्याकडे टण्ण झालं की मधे मोठी शांतता. तो एम्ड शॉट (नेम धरून मारायचा जोरदार बाण) दाबायचा, त्याला ३ सेकंद एका जागी उभं राहावं लागतं, दोन सेकंद झाले की घाबरून पाय हलवायचा, शॉट वाया. पळताना आपोआप सुटणारा बाणही सुटत नाही. म्हणजे त्याचं धनुष्य अर्धा वेळ मुकं. त्याला नवीन गिअरची गरजच नव्हती. जागा आधी धरायची, बाण सुटला की हलायचं, पुढचा सुटायच्या आत परत उभं राहायचं, एवढं त्याला शिकायचं होतं. म्हणून मला असा शब्द पाहिजे ज्यात अंतर राखणं आलं पाहिजे, नुसतं लांब असणं नाही.

महालकर
अरे भाऊ, शब्द तर आपल्याकडे दोनशे वर्षं पडून आहे आणि तुम्ही शोधून राहिले. गोलंदाज! आज आपण तो क्रिकेटला दिला पण मूळ गोलंदाज म्हणजे तोफखान्यातला माणूस, गोळे फेकणारा. फारसी 'अंदाज' म्हणजे टाकणारा, फेकणारा. तीरंदाज तीर टाकणारा, गोलंदाज गोळा टाकणारा, आणि तिसरा सगळ्यात भारी, बरकंदाज. बर्क म्हणजे वीज, वीज टाकणारा. पूर्वी बंदूकवाल्या शिपायाला म्हणत. तुमच्या ग्रुपात वीज फेकणारा शामान असेल तर त्याला बरकंदाज म्हणा, एकदम फिट बसतं. आणि माझं तर म्हणणं आहे आपला अटकळवाला अंदाज पण तिथलाच, कारण टाकायच्या आधी अंदाज घ्यावा लागतो.

धंतोलीकर
शेवटचं जरा ताणलं. दोन्ही शब्द एकाच फारसी धातूतले आहेत हे खरं, पण 'टाकायच्या आधी घेतात म्हणून' ही तुमची गोष्ट झाली, व्युत्पत्ती नाही. दुसरं, फारसीतून आणलेल्या शब्दाला आपला म्हणून मिरवायचं असेल तर मग 'रेंज्ड'नंच काय घोडं मारलं? मी 'दूरवेधी' सुचवतो. दूर आणि वेध, दोन्ही आपले, अर्थ लगेच कळतो. रेंज्ड डीपीएस म्हणजे दूरवेधी योद्धा.

महालकर
शिवरायांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी तीरंदाज गेला नाही, गोलंदाज गेला नाही. लोकांच्या तोंडात राहिला तो आपला. मैदानावर पोट्टा 'गोलंदाजी कर' म्हणतो तेव्हा त्याला फारसी कुठे आठवते.

बर्डीचा_तीरवाला
दूरवेधी लिहायला फार छान आहे, गाइडच्या मथळ्यात मी टाकीनही. पण बोलताना पहा ना. बॉस आग सोडायच्या आधी दीड-दोन सेकंद मिळतात, तेव्हा माइकवर मी "दूरवेधींनो पांगा" म्हणेपर्यंत चार जण मेलेले असतात. तोंडातून दोन अक्षरं निघतात त्या वेळी. आमच्याकडे काही शब्द कोणी न ठरवता झालेत, ते ऐका. हंटर मेल्याचं नाटक करतो, म्हणजे बॉसचा राग त्याच्यावरून उतरतो, त्याला आम्ही 'सोंग' म्हणतो. रेंज्डवाला टँकपेक्षा (बॉसचा मार अंगावर झेलणाऱ्यापेक्षा) ३० टक्के जास्त राग ओढून बसला की बॉस वळून त्याच्याकडे येतो, म्हणून कोणाचा आकडा टँकच्या पुढे जाऊन राहिला दिसलं की सगळे ओरडतात, "सोंग घे, सोंग घे!" हा शब्द कोणी कोशातून काढला नाही. एका पोट्ट्याच्या तोंडून निघाला आणि राहिला.

अंबाझरीचा
माझे बाबा अंबाझरीच्या आयुध कारखान्यात होते, तिथे पिनाका रॉकेटचं काम व्हायचं. घरी जेवताना 'पल्ला' हाच शब्द ऐकलाय, पहिल्या पिनाकाचा पल्ला ३७-३८ किलोमीटर. आणि नाव बघा, पिनाक म्हणजे महादेवाचं धनुष्य. अग्निबाणाला धनुष्याचं नाव दिलं. म्हणजे लांबून मारणाऱ्या कोणत्याही गोष्टीला आपल्या भाषेत धनुष्यच आठवतं, बाण असो नसो. माझं मत 'धनुर्धर'.

बर्डीचा_तीरवाला
पण मेज (जादूगार) आग फेकतो, वॉरलॉक शाप देतो, त्यांना धनुर्धर कसं म्हणू.

तिसऱ्या_फळीतला
रेडवर कोणीच काही बोललं नाही म्हणून मी बोलतो. मी कबड्डी खेळलोय. कबड्डीतल्या रेडला मराठीत 'चढाई' म्हणतात, रेडरला चढाईपटू, पेपरात रोज येतं. धाड आणि छापा पोलिसांना, इन्कम टॅक्सला देऊन टाका. "शनिवारी साडेदहाला चढाई" म्हटलं तर तुमच्या आईला काही वाटणार नाही.

महालकर
चढाई एकट्याची असते भाऊ, ३० सेकंदांची, एक गडी दम धरून जातो. यांचे ४० जण चार-चार तास. याला 'मोहीम' किंवा 'स्वारी'. आणि नागपुरात बसून स्वारी शब्द सोडता? रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४१ पासून दहा वर्षं बंगालवर स्वाऱ्या करत होत्या, १७५१ ला तह झाला, ओडिशा मिळालं आणि वर्षाला १२ लाख चौथाई ठरली. बंगालीत आजही लेकराला झोपवताना बर्गी आले म्हणतात, तो बर्गी म्हणजे आपला 'बारगीर'.

धंतोलीकर
त्या स्वाऱ्यांत बंगालच्या साध्या रयतेचे काय हाल झाले हेही त्याच अंगाईत आहे. लेकरांना ज्याची भीती घालतात तो शब्द कौतुकानं मिरवू नये असं मला मनापासून वाटतं.

महालकर
मान्य. कौतुक म्हणून नाही, शब्द म्हणून सांगतोय. बारगीर म्हणजे ज्याचा घोडा आणि हत्यार सरकारचं. शिलेदार म्हणजे जो स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन येतो. हा भेद यांच्या कामाचा आहे, विचारा त्यांना.

बर्डीचा_तीरवाला
खरंच कामाचा आहे! क्लासिकमधे हंटरला बाण विकत घ्यावे लागतात, भाता भरून न्यावा लागतो, औषधं, जेवण सगळं. जे गिल्डच्या (आमच्या ग्रुपच्या) सामायिक बँकेतून घेतात आणि जे स्वतःचं आणतात, दोघांना आम्ही आजवर नावच दिलं नव्हतं. बारगीर आणि शिलेदार. हे मी आजच ग्रुपवर टाकतो. नवीन आलेल्याला पहिले तीन आठवडे बारगीर राहू द्यायचं, मग शिलेदार, असा नियमच करता येईल.

गोकुळपेठची_ताई
मी फायनल फँटसी १४ खेळते, आमच्याकडे रेड ८ जणांची. माझी बार्ड आहे. तिरंदाज ३० लेव्हलला गेला की बार्ड होतो, बाण मारता मारता गाणी म्हणतो आणि गाण्यांनी सगळ्यांचा मार वाढतो. मी तिला 'शाहीर' म्हणते. भाट म्हणून पाहिलं, पण भाट राजाची स्तुती करतो, शाहीर फौजेत जोश भरतो. तीरवाले दादा, तुमच्या गाइडमधे एक गोष्ट नक्की लिहा. रेंज्डवाला फक्त स्वतःचा आकडा वाढवायला नसतो. पाय मोकळे असतात म्हणून धावायचं काम, दुसऱ्याला वाचवायचं काम त्याच्याकडे येतं. मी शाहीर म्हणायला लागले तेव्हापासून माझ्या बहिणीलाही कळलं की मी नक्की काय करते.

बर्डीचा_तीरवाला
ताई, एकदम बरोबर. आमच्या मोल्टन कोअर नावाच्या रेडमधे मॅग्मादार म्हणून दोन डोक्यांचा कुत्रा आहे, तो मधेच पिसाळतो, आणि त्याला शांत करणारा बाण फक्त हंटरकडे असतो. तो बाण वेळेवर गेला नाही तर टँक जातो. त्या बाणाचा मीटरवर आकडाच येत नाही. मी आणि दुसरा एक हंटर पाळी लावून मारतो, माझा झाला की मी "तुझा" म्हणतो. नवीन पोट्टे मीटर बघून राहतात आणि हेच विसरतात.

आखाड्यातला
'सुधारणे' राहिलंच. 'कमावणे' म्हणा. अंग कमावतात, आवाज कमावतात. गायक बारा वर्षं आवाज कमावतो, म्हणजे आधी वाईट होता असं नाही. तसं कॅरेक्टर कमावणं. चामडं कमावणं पण त्यातलंच, कच्चं असतं ते टिकाऊ करायचं. तुम्हीच वर म्हणाले पोट्टे कच्चे आहेत.

बर्डीचा_तीरवाला
हा शब्द घेतला. यावर वादच नको.

धंतोलीकर
वाद आहे थोडा. 'कॅरेक्टर कमावणे' वाचून कोणी म्हणेल चारित्र्य कमावणे. मग 'पात्र' म्हणाल?

आखाड्यातला
पात्र नाटकात. 'गडी' म्हणा. गडी कमावला.

गोकुळपेठची_ताई
माझी शाहीर बाई आहे, तिला गडी कशी म्हणू?

काटोलची_नात
मी बऱ्याच उशिरा वाचतेय पण पल्लेदार शब्दावर राहावलं नाही. हिंदीत पल्लेदार म्हणजे धान्याची पोती वाहणारा. कळमन्याच्या बाजारात हिंदी बोलणारे व्यापारी असंच म्हणतात, "पल्लेदार बुलाओ". आणि पल्ला हे आपल्याकडे माप पण होतं. माझी आजी काटोलकडची, ती ज्वारी पल्ल्यात सांगायची, ३ मणांचा एक पल्ला, म्हणजे १२० शेर. "यंदा सात पल्ले झाली" असं म्हणायची. मला लहानपणी वाटायचं की पल्ला म्हणजे घरापासून शेत किती लांब आहे ते.

महालकर
वा! मग पल्ला म्हणजे बैलावर एका खेपेत जितकं लादता येतं तितकं ओझं, आणि त्यावरून त्या खेपेचं अंतर, असं काही असेल का? ओझं आणि अंतर एकाच शब्दात आलं ते तसंच आलं असावं.

धंतोलीकर
पुन्हा गोष्ट. दोन वेगळे शब्द एकसारखे दिसत असतील.

काटोलची_नात
बैलाचं मला माहीत नाही, पण आजीकडे एक मोठं पोतं होतं, तागाचं, तोंडाला काळी दोरी, त्याला ती पल्ल्याचं पोतं म्हणायची. रिकामं असलं तरी. उन्हाळ्यात आम्ही त्यावर झोपायचो. कोणाच्या घरी असं पोतं होतं का, आणि त्यात खरंच १२० शेर बसायचे का, की नुसतं नाव?

आखाड्यातला
आमच्याकडे सावनेरला होतं. पण आम्ही त्याला पल्लं म्हणायचो, शेवटी अनुस्वार.