आयपीची (बौद्धिक संपदेची) वकिली नाशिकमध्ये होत नाही, हे मला मान्य नाही

गोदाकाठ:

मागच्या आठवड्यात लॉच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांशी बोलायला गेले होते. माझ्या आधी एका ज्येष्ठ वकिलांनी त्यांना सांगितलं, "पेटंट, ट्रेडमार्क करायचं असेल तर मुंबई-दिल्ली गाठा. नाशिकला राहायचं तर वाटपाचे दावे आणि चेक बाऊन्स." मुलांनी माना डोलावल्या. तिथे वेळ नव्हता, म्हणून माझं म्हणणं इथे मांडते.

नाशिकच्या सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात मला नऊ वर्षं झाली. पहिली तीन वर्षं मीही 138 च्या, म्हणजे चेक बाऊन्सच्या केसेसवरच काढली, त्यामुळे त्या कामाला मी कमी लेखत नाही. पण आपल्या जिल्ह्यात बौद्धिक संपदेचं काम नाही असं म्हणणाऱ्यांनी जिल्हा नीट पाहिलेला नाही. लासलगावचा कांदा, नाशिकची द्राक्षं, नाशिक व्हॅली वाइन आणि येवल्यात विणली जाणारी पैठणी, या सगळ्यांना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. प्रमाणपत्र आलं, फोटो निघाले आणि लोकांना वाटलं काम संपलं. खरं काम तिथून सुरू होतं. विणकराने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करायची असते, दर 10 वर्षांनी नूतनीकरण असतं, आणि यंत्रमागावरची साडी 'पैठणी' म्हणून खपवली तर दाद मागायची असते. येवल्याच्या एका विणकराने मला पदर उलटा करून दाखवला होता. हातमागाचा मोर मागूनही तितकाच स्वच्छ, एक धागा लोंबत नाही. यंत्रमागाच्या पदरामागे मात्र धाग्यांचं नुसतं जंजाळ. हा फरक न्यायाधीशांना समजेल अशा भाषेत दाव्यात लिहायला कोण बसणार?

आणि त्यासाठी मुंबईच गाठावी लागते असंही नाही. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 134 नुसार उल्लंघनाचा दावा जिल्हा न्यायालयात चालतो. ज्या नाशिककराचा धंदा नाशिकलाच आहे, तो इथे दावा लावू शकतो. ट्रेडमार्कच्या अर्जांवरच्या सुनावण्या तर आता व्हिडिओवरच होतात. मग मुलांना आपण कशाची भीती घालतोय?

परतीची_पंचवटी:

मॅडम, तुमची तळमळ पटते, सल्ला पटत नाही. मी मुंबईत सहा वर्षं एका आयपी फर्ममध्ये काढून परत आलोय.

हे काम पुस्तकातून येत नाही. माझ्या पहिल्या पेटंट ड्राफ्टमध्ये मी क्लेममध्ये, म्हणजे हक्क नेमका कशावर ते सांगणाऱ्या भागात, 'कन्सिस्टिंग ऑफ' लिहिलं होतं. सिनियरने लाल पेनने गोल केला आणि म्हणाले, "अशिलाचं यंत्र तू या चार भागांत कोंडलंस. उद्या कोणी पाचवा भाग जोडला की तो मोकळा सुटेल. 'कम्प्रायझिंग' लिही." दोन शब्दांतला हा फरक मला कॉलेजात कोणी सांगितला नव्हता. नाशिकमध्ये माझ्या ड्राफ्टवर लाल पेन कोणी चालवलं असतं? चूक अशिलाच्या अंगावर निघाली असती, तीही पाच-सात वर्षांनी, दुरुस्तीची वेळ गेल्यावर.

जिल्हा न्यायालयाचंही पूर्ण सांगायला हवं. पेटंटचा दावा इथे लावलात आणि समोरच्याने पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावा केला, तर पेटंट कायद्याच्या कलम 104 नुसार सगळं प्रकरण उच्च न्यायालयात जातं, आणि चांगला प्रतिवादी तो प्रतिदावा करतोच. नवे प्रश्नही तिकडेच ठरताहेत. 2021 मध्ये बौद्धिक संपदा अपिलीय मंडळ बंद झाल्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने बौद्धिक संपदेचा स्वतंत्र विभाग काढला. 2024 मध्ये अरिजित सिंगच्या आवाजाची एआयने नक्कल करण्याविरुद्ध अंतरिम आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला, आणि एएनआय या वृत्तसंस्थेने चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयवर लावलेला दावा दिल्लीत आहे. ज्याला तंत्रज्ञानाचा कायदा शिकायचाय त्याने त्या कोर्टात मागच्या बाकावर तरी बसायला हवं.

पैशांचंही बोलू. एका व्यक्तीच्या ट्रेडमार्क अर्जाची ऑनलाइन सरकारी फी 4500 रुपये. वर दोन हजार वकिली मागितली तरी अशील मोबाइल पुढे करून म्हणतो, "हे लोक पाचशेत करतात." नुसत्या फायलिंगवर नव्या वकिलाचं ऑफिसभाडंही सुटत नाही.

सिन्नर_वर्कशॉप:

मी वकील नाही. द्राक्षबागेच्या फवारणी यंत्रांचे सुटे भाग बनवतो, बारा माणसं कामाला आहेत. माझं काय झालं ते सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

तीन वर्षांपूर्वी नोझल बसवायच्या कड्याला नवा आकार दिला. हातमोजे घालूनही फिरवता यावा म्हणून कडेला खोल खाचा ठेवल्या. शेतकऱ्यांना आवडला. कृषी प्रदर्शनात टेबलावर मांडला, पत्रकं वाटली, व्हॉट्सअॅपवर फोटो फिरवले. चार महिन्यांत तोच आकार, त्याच खाचा, दुसऱ्याच्या नावाने बाजारात. नेहमीच्या वकिलांकडे गेलो. माणूस सज्जन, पण म्हणाले हा विषय माझा नाही. मग मुंबईला गेलो. तिथल्या वकिलाने पहिलाच प्रश्न विचारला, "आधी प्रदर्शनात मांडलं की आधी डिझाइनचा अर्ज केला?" मी म्हटलं, अर्ज केलाच नाही. ते म्हणाले, मग नावीन्य गेलं, आता नोंदणी टिकणार नाही.

हा एक प्रश्न मला प्रदर्शनाच्या आधी नाशिकमध्ये कोणी विचारला असता तर पुरे होतं. पंचवटीसाहेब, तुमच्या लाल पेनाबद्दल आदर आहे, पण मला उच्च न्यायालय नको होतं. सातपूर, अंबड, सिन्नर मिळून माझ्यासारखे किती असतील! आम्ही नवं काही बनवलं की पहिला फोन कोणाला करायचा तेच आम्हाला माहीत नसतं.

बीए_एलएलबी_चौथं_वर्ष:

सगळ्यांना नमस्कार. एक विचारू का? मी बारावी आर्ट्सची. मला सांगण्यात आलंय की विज्ञान नसेल तर आयपीचा दरवाजाच बंद. घरचे म्हणतात न्यायाधीश परीक्षेचा अभ्यास कर. मग मी या विषयात वेळ घालवू की नको?

गोदाकाठ:

अगं, एक दरवाजा बंद आहे, घर नाही. पेटंट एजंटची परीक्षा विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाच्या पदवीशिवाय देता येत नाही, तेवढं खरं. पण ट्रेडमार्क, कॉपीराइट, डिझाइन, जीआय, वनस्पती वाण, सॉफ्टवेअरचे करार, 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, यातल्या कशालाही बारावीचं मार्कशीट कोणी विचारत नाही. गंगापूर रोडवरच्या ज्या दवाखान्यांनी पेशंटची माहिती अॅपमध्ये भरायला घेतली आहे, त्यांची संमतीपत्रं कोणीतरी लिहायलाच हवीत. आणि जीआयचं काम मुंबई-दिल्लीबाहेरूनही होतं. राज्यातल्या अनेक नोंदण्यांमागे पुण्याचे प्रा. गणेश हिंगमिरे आहेत.

न्यायाधीश व्हायचं असेल तरी 2025 च्या मे महिन्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तीन वर्षांची वकिली लागतेच. ती वर्षं याच कामात घातलीस तर वाया कशी जातील?

परतीची_पंचवटी:

ताई, यात एक भर घालतो. कंपनीत लीगलची पगारी नोकरी मिळाली तर घरचे खूश होतील, पण बार कौन्सिलच्या नियम 49 नुसार पूर्णवेळ नोकरीत वकिलीची सनद स्थगित ठेवावी लागते. तेव्हा ती तीन वर्षं नोकरीतून भरतील असं धरून चालू नकोस. आधी कोर्ट, मग कंपनी, हा क्रम बरा.

सिन्नरच्या दादांनी मला विचारात पाडलं. त्यांना लागलेला प्रश्न विचारायला सहा वर्षांचा अनुभव लागत नाही हे कबूल. पण नक्कल बाजारात आल्यानंतरचा दावा लढायला लागतो. म्हणून मी अजूनही म्हणतो, दोन-तीन वर्षं बाहेर शिका, मग या.

गोदाकाठ:

ज्याला जमेल त्याने जावं, माझी हरकत नाही. माझा राग 'जा' या शब्दावर नाही, 'इथे काही नाही' या वाक्यावर आहे. मुंबईत खोलीचं भाडं भरून तुटपुंज्या स्टायपेंडवर तीन वर्षं काढणं किती घरांना परवडतं? ज्यांना परवडत नाही ती मुलं हुशार असूनही हा विषयच सोडतात. आणि पंचवटी, तुम्ही परत आला आहात ना? मग नाशिकच्या मुलांच्या ड्राफ्टवर लाल पेन चालवायला तुम्हीच आहात.

पिंपळगावकर:

द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीत होतो, आत्ता वाचतोय. वकिलांनो, कोर्टाच्या आधीचं एक काम सांगतो.

आमच्या वडिलांच्या वेळी शेजाऱ्याकडून थॉमसन वाणाच्या काड्या आणायच्या, खुंटावर कलम करायचं, झालं. पैसे विचारणं म्हणजे अपमान. आता परदेशी वाण करारावर येतात. माझ्यापुढे जो करार आला तो बावीस पानांचा, सगळा इंग्रजी. काड्या कोणाला द्यायच्या नाहीत, माल ठरल्या ठिकाणीच द्यायचा, करार संपला तर वेली उपटायच्या. हे शेवटचं मला सही केल्यावर कळलं. माझे चार एकर त्यात आहेत. शेतकऱ्याला बियाणं ठेवायचा हक्क कायद्याने आहे म्हणतात, मग हे कसं?

गोदाकाठ:

दादा, 2001 च्या वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क कायद्याचं कलम 39 तुमच्या बाजूचं आहे. संरक्षित वाणाचंही बियाणं ठेवण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि ब्रँड न लावता विकण्याचा हक्क त्यात आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत बियाणं म्हणजे फक्त दाणा नव्हे, रोप होऊ शकेल असा वनस्पतीचा भागही येतो. 2019 मध्ये पेप्सिकोने गुजरातच्या बटाटा उत्पादकांवर दावे लावले तेव्हा शेतकऱ्यांनी याच कलमावर बोट ठेवलं, आणि कंपनीने दावे मागे घेतले. पण तुम्ही स्वतः सही केलेला करार हा वेगळा प्रश्न आहे. वाण भारतात नोंदलेला आहे की नाही तेही आधी पाहावं लागेल. वेलींना संरक्षण जास्तीत जास्त 18 वर्षांचं, तेव्हा तारीखही बघायची.

परतीची_पंचवटी:

त्या करारात वाद कुठल्या शहरात सोडवायचा हे बघा. लवाद परदेशात ठेवला असेल तर बाकीच्या पानांआधी तेच वाचावं लागेल. मॅडम, तुमची हरकत नसेल तर मलाही वाचायला आवडेल.

गोदाकाठ:

हरकत कसली? दादा, शनिवारी ऑफिसला या. बावीसची बावीस पानं आणा, मागे जोडलेली परिशिष्टंही आणा. चौथ्या वर्षाच्या ताईलाही मी बोलावते आहे, ती मराठीत उतरवून घेईल.

पिंपळगावकर:

परिशिष्टं मला दिलीच नव्हती. मागवतो.