डिसेंबरच्या सुट्टीत शनिवारवाडा, भिगवण, राजगड आणि हरिहरेश्वर, जमेल का? आणि लेन्स कोणती?

सिंहगडरोडकर
नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या शेवटी आठवडाभर सुट्टी आहे आणि घरातल्या एका भिंतीसाठी चार मोठ्या प्रिंट करायच्यात. एक पुणं, एक पक्षी, एक डोंगर, एक समुद्र. क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा जुना निकॉन कॅमेरा आहे, लेन्स 18-55 आणि 70-300. मित्र म्हणतो लांबचं टिपणारी 150-600 लेन्स भाड्याने घे, बायको म्हणते त्या पैशात कोकणात दोन दिवस जास्त राहू. काय करू?

पेठेतला
लेन्सचं राहू द्या, आधी शनिवारवाडा कुठे तोंड करून आहे ते बघा. दिल्ली दरवाजा उत्तरेला आणि थंडीत सूर्य दिवसभर दक्षिणेकडून जातो, त्यामुळे दर्शनी बाजू अख्खा दिवस सावलीत आणि वर आकाश पांढरंफटक, सगळ्यांचे डिसेंबरचे फोटो असेच मेलेले असतात. मे-जूनमधे सकाळी लवकर तिरपं ऊन येतं, तेव्हा दरवाज्यावरच्या हत्तींसाठी ठोकलेल्या अणकुचीदार खिळ्यांची सावली फळ्यांवर लांब पडते, खरा फोटो तो. आत्ताच हवा असेल तर सूर्य मावळल्यावर वीसेक मिनिटं आकाश गर्द निळं होतं तेवढ्यात उरका. आत ट्रायपॉड विसरा, पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. नाहीतर पाताळेश्वरला जा, आठव्या शतकातलं लेणं आहे, काळ्या कातळातला गोल नंदीमंडप सावलीतच जास्त खुलतो. जंगली महाराज रोडवर असून अर्धं पुणं तिथे गेलेलं नसतं ते वेगळं.

माळरान
भिगवणला तुमची 70-300 पुरते, होडी पक्ष्यांच्या बरीच जवळ जाते. पण रोहितच (फ्लेमिंगो) पाहिजे असतील तर डिसेंबर लवकर होतो. पाऊस चांगला झाला असेल तर तिथलं उजनी धरण तुडुंब असतं, पाणी उतरून चिखल उघडा पडला की ते उथळात उतरतात, म्हणजे जानेवारी अखेर ते मार्च. आत्ता पट्टकदंब मिळतील, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस, हिमालय ओलांडून येतात. नावेत खाली बसा, कॅमेरा पाण्याच्या जेवढा जवळ तेवढी मागची गर्दी धूसर होते, शटर 1/1000 सेकंदाहून वेगवान ठेवा कारण नाव हलतेच. आणि नावाड्याला चढतानाच सांगा की थवा उडवायचा नाही, काही लोक उडवायला लावतात आणि वर टिपही देतात, वैताग आहे.

राजगडला सगळे सुवेळा माचीवरचा सूर्योदय काढायला जातात आणि धुरकट गोळा घेऊन येतात. बालेकिल्ल्यावरून पाठ फिरवून संजीवनी माची बघा, ती पश्चिमेकडे उतरत जाते, सकाळचं ऊन तिच्यावर पडतं आणि चिलखती (दुहेरी) तटबंदी टप्प्याटप्प्याने उजळते.

दापोलीची_सून
समुद्राचं कोणी बोललंच नाही. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवरचा खडक लाटांनी खाऊन जाळीसारखा झालाय, तो काढायचा तर ओहोटीच हवी, भरतीला लाटा थेट वाटेवर येतात, तेव्हा खाली उतरायचंच नाही. आमच्याकडे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, भरती दुपारी बाराच्या सुमाराला आणि ओहोटी साधारण सूर्यास्ताच्या वेळेला, म्हणजे खडक उघडा आणि ऊन सोनेरी. अष्टमीला गेलात तर उलटं, संध्याकाळीच पाणी चढलेलं. म्हणून तारीख पंचांग बघून ठरवा, मग हॉटेल. घरी आल्यावर लेन्स आधी ब्लोअरने झटका, मीठ तसंच पुसलं तर ओरखडे येतात.

सिंहगडरोडकर
म्हणजे लेन्स रद्द, बायको जिंकली 😀 शनिवारवाडा मेमधे, रोहित फेब्रुवारीत, आत्ता राजगड, पट्टकदंब आणि कोकण. भिगवणला पहाटे पुण्यातून निघू की मुक्काम करू?

माळरान
मुक्काम करा, कुंभारगावात घरगुती सोय होते, उजनीचे मासेही मिळतात. पण आधी फोन करून ठेवा, वर्षाअखेरीला अख्खं पुणं तिकडेच असतं.