शब्द हवा: जर्मनीतले ‘हाय कमिशनर’ मराठीत कोण?

शाईची दौत: दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीवरचा मजकूर मराठीत करतेय. १९४९ मध्ये लष्करी गव्हर्नर क्ले यांच्यानंतर जॉन मॅक्लॉय ‘हाय कमिशनर’ म्हणून आले. मी सरळ ‘उच्चायुक्त’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी त्याला लाल खूण केली: उच्चायुक्त म्हणजे राष्ट्रकुलातला राजदूत, हे तर कारभार हाकायला आले होते! पटलं मला. अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सचे तीन हाय कमिशनर बॉनजवळच्या पीटर्सबर्ग टेकडीवर बसायचे आणि पश्चिम जर्मनीच्या आडेनाउअर सरकारचा कायदाही अडवू शकायचे. मग यांना म्हणायचं काय? आणि ‘सिव्हिल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ला ‘मुलकी कारभार’ चालेल का?

संगमाकाठी: ‘कमिशनर’च ठेवा. पुण्याला हा शब्द नवा नाही. एल्फिन्स्टन पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट होता, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत वकील. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई पेटली आणि संगमावरची त्याची रेसिडेन्सी जळाली. पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये हाच वकील दख्खनचा कमिशनर झाला. मामलतदार, पाटील, पंचायती त्याने बऱ्याचशा तशाच ठेवल्या. हुकूम तेवढा त्याचा. जर्मनीत नेमकं उलट घडलं. मे १९५५ मध्ये ताबा उठला आणि अमेरिकेचे हाय कमिशनर कोनंट तिथेच राजदूत झाले. तेव्हा वकील आणि कमिशनर हे दोन शब्द वेगळे राहिलेच पाहिजेत.

निखळ: इंग्रजी शब्द तसाच ठेवायचा तर अनुवाद कशाला? ‘महापौर’ सावरकरांनी दिला तेव्हा लोक हसले असतील, आज कोण हसतं? ‘महाप्रशासक’ लिहा. आणि ‘मुलकी कारभार’ नको, ‘नागरी प्रशासन’ म्हणा. मुलकी अरबी आहे.

गावकामगार: अरबी असेल, पण पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरात आहे. आमच्या गावी पूर्वी मुलकी पाटील वेगळा आणि पोलीस पाटील वेगळा असायचा. मुलकी म्हटलं की सारा, दप्तर, जमीन, सगळं आलं, आणि लष्करी नाही हेही कळलं. ‘नागरी’ म्हटलं की नळाचं पाणी आणि कचरागाडी आठवते. हा शब्द हाकलू नका, तळमळीने सांगतो.

शाईची दौत: ‘मुलकी’ घेते. पण खुद्द ‘ऑक्युपेशन’ला? ‘पाकव्याप्त’वरून ‘व्याप्त जर्मनी’ केलंय.

संगमाकाठी: ‘व्याप्त’ भूमीला चालेल, काळाला नाही. ‘व्याप्तीचा काळ’ कसं वाचायचं? ‘ताबा’ बरा.

खंडाळा घाट: माझे आजोबा १९४६ साली मराठा लाइट इन्फन्ट्रीतून जपानात गेले होते, राष्ट्रकुलाच्या फौजेबरोबर. थिमय्या त्यांचे ब्रिगेडियर. आजोबांच्या तोंडी ‘ताबा’ कधी आला नाही. ‘जपानात बंदोबस्ताला होतो’ म्हणायचे, जत्रेतल्या पोलिसासारखं. तिथून आणलेल्या लाखेच्या लाल वाटीत आजी सुपारी ठेवायची. कड आता उडालीय.

निखळ: बंदोबस्तसुद्धा फारसीच. पण आजोबांचा शब्द आहे, त्याला मी हात लावणार नाही.

ओसाकाहून: अंगावर काटा आला. जपानीत ताब्याला ‘सेनर्यो’ म्हणतात, पण त्या सैन्याला लोक ‘शिंचूगुन’ म्हणत, म्हणजे येऊन तळ देऊन राहिलेली फौज. हरल्याला ‘हाइसेन’ न म्हणता ‘शूसेन’ म्हणत, युद्ध संपलं एवढंच. ताबा घेणारा शिपाई आणि ताब्यातली माणसं, दोघांनीही तो शब्द टाळला!

गावकामगार: जमीनमहसुलाचाही बंदोबस्तच असतो. एल्फिन्स्टनने तोच केला.

संगमाकाठी: महसुलाचा वेगळा, जत्रेतला वेगळा. दोन्ही एका शब्दात कोंबले की अनुवाद फसेल.

ओसाकाहून: घाट, आजोबांचा तिथला एखादा फोटो आहे का? मागे गावाचं नाव लिहिलं असेल तर कळवा. मी जाऊन बघून येईन.

खंडाळा घाट: एक आहे. मागे मोडीत काहीतरी लिहिलंय, घरात कोणाला वाचता येत नाही. रविवारी गावी गेलो की इथे टाकतो.