'दोष काढणे', 'न्याय करणे' आणि 'पारख' : मत्तय ७:१ मध्ये नेमकं काय मना केलंय?

राळेगावकर
दिवाळीनंतर आमच्या मंडळीत (चर्चात) बाहेरगावचे एक प्रचारक आले होते. चंगाई सभा (रोग बरे होण्यासाठी प्रार्थनेची सभा) झाली, शेवटी प्रार्थना केलेल्या तेलाच्या बाटल्या विकायला निघाल्या. तरुण संघातल्या एका पोरानं विचारलं, पैसे कशाचे? स्टेजवरून उत्तर आलं, "कोणाचे दोष काढू नका, असं वचन आहे." पोरगा मुकाट्यानं खाली बसला. आता विचारणं म्हणजे दोष काढणं होते का? हे वचन बायबलातलं, मत्तय ७:१. आन् इंग्रजीत तिथं 'जज' आहे म्हणतात, मग मराठीत 'न्याय करू नका' काहून नाही?

वर्धेचे गुरुजी
मूळ ग्रीक क्रियापद 'क्रिनो'. जुना अर्थ वेगळं करणं, निवडणं. त्यातून पुढे ठरवणं, निकाल देणं, शिक्षा सुनावणं. मराठीनंही हीच वाट धरली: निवडणे, त्यावरून निवाडा. सुपातले खडे वेचणारी बाई आणि चावडीवर बसलेला पाटील एकाच शब्दाच्या घरातले!

म्हणून 'क्रिनो' दिसला की एकच मराठी शब्द ठोकून चालत नाही. योहान ७:२४ मध्ये येशू हेच क्रियापद घेऊन आज्ञा देतो की वरवर पाहून न्याय करू नका, यथार्थ न्याय करा. मत्तयात सरळ 'न्याय करू नका' छापलं असतं तर ही दोन वचनं एकमेकांच्या उरावर बसली असती. दोषच शोधायला निघालेला माणूस 'दोष काढणे'मध्ये लगेच दिसतो. मला ही निवड आवडते.

शिवाय मत्तयाच्या त्याच अध्यायात पाच ओव्या (वचनं) पुढे डुकरांपुढे मोती टाकू नका आहे, आणि १५व्या ओवीत मेंढराच्या वेषातले लांडगे. ओळखायचंच नसतं तर लांडग्याची सूचना कशाला दिली असती?

अचलपूरची ताई
गुरुजी, पटलं, पण 'दोष काढणे' मले थोडं हलकं वाटते. सासू भाजीत दोष काढते, व्याही मानपानात काढतो. 'क्रिनो'त खुर्चीवर बसून शिक्षा ठोठावणाराही आहे ना?

वर्धेचे गुरुजी
आहे. लूक ६:३७ पाहा ताई. तिथे दोष काढू नका म्हटल्यावर लगेच 'कोणाला दोषी ठरवू नका' हे वेगळं सांगितलंय, आणि ग्रीकमध्येही तिथे दुसरं क्रियापद आहे. मत्तयातल्या एका शब्दावर मात्र दोन्ही अर्थांचा भार पडतो, हे तुमचं खरं.

पांढरकवड्याचा कास्तकार
आमच्या भाषेत सांगतो. खरेदी केंद्रावर ग्रेडर बोंड हातात घेते, धागा ओढून पाहते, ओलावा ८ ते १२ टक्क्यांत हाय का ते मोजते. तो कापसाची प्रत सांगते. गाडीवानाची लायकी काढायचा हक्क त्याले कोणी देल्ला नाही. (काही जण तेही काढतात, ते सोडा.)

वर्धेचे गुरुजी
भाऊ, यालाच प्रेषित पौल पारख म्हणतो. १ थेस्सलनी ५:२१ : "सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा." तिथलं ग्रीक क्रियापद 'दोकिमाझो', धातू आणि नाणी तपासण्यासाठीही वापरलेलं. इब्री ५:१४ म्हणते की बरंवाईट ओळखणं सरावानं येतं, म्हणजे विश्वास ठेवल्याबरोबर आपोआप नाही. आणि बिरुया शहरातल्या लोकांनी तर खुद्द पौलाचं बोलणं रोज शास्त्रात पडताळून पाहिलं. प्रेषितांची कृत्ये १७:११ त्यांना त्याबद्दल थोर मनाचे म्हणते.

अचलपूरची ताई
गव्हातल्या निदणाचा दाखला इथं चालते का? मत्तय १३. आपण निंदण म्हणतो तेच. चाकर म्हणतात उपटतो, धनी म्हणते राहू द्या, गहूही उपटून येईल.

वर्धेचे गुरुजी
चालतो, पण जपून. तिथे शेत म्हणजे जग, असं येशूच ३८व्या ओवीत सांगतो. कोण गहू, कोण निदण हा शेवटचा निवाडा कापणीवर सोडलाय. मंडळीतल्या चुकीकडे डोळेझाक करा, असं त्यातून निघत नाही. (जाता जाता: निंदण आणि निंदा कानाला सारखे, कूळ वेगळं.)

राळेगावकर
मग मंडळीत चुकी दिसली तर म्हणायचं काय? शब्द सांगा.

वर्धेचे गुरुजी
'दाखवणे'. मत्तय १८:१५, दोघंच असताना त्याचा अपराध त्याला दाखव. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत ने, मग मंडळीला सांग. दोष पाठीमागेही काढता येतो. दाखवायला समोर जावं लागतं. आपल्याकडे आधी अख्ख्या गावाला कळते, ज्याचं त्याला शेवटी.

पांढरकवड्याचा कास्तकार
आन् तेलाचं?

वर्धेचे गुरुजी
तेल शास्त्रात आहे, याकोब ५:१४, मंडळीच्या वडिलांनी (म्हणजे पुढाऱ्यांनी) आजाऱ्याला लावायचं. बाटलीचा भाव तिथे नाही. मत्तय १०:८ मध्ये रोगी बरे करा म्हणाल्यावर लगेच "फुकट द्या" आहे. त्या पोराला सांगा, पुढच्या वेळी हे वचन काढून ठेव आणि उभा राहा.