बाबांसाठी शास्त्रीय संगीत: रेडिओला पर्याय सुचवा

मुलुंडकर:
नमस्कार मंडळी. बाबा ८१ वर्षांचे. पहाटे चहाआधी रेडिओ, ही त्यांची जन्माची सवय. हल्ली मात्र ऐकवत नाही. परवा तोडी राग लागला होता, विलंबित म्हणजे संथ भाग संपून द्रुत, म्हणजे जलद लय धरली नाही तोच आवाज खाली ओढला आणि जाहिरात! कोण गायलं, तबल्याला कोण, काही नाही. बाबा मला विचारतात, "कोण रे हा?" मी काय सांगणार, कप्पाळ! त्यात खरखर इतकी की तानपुरा ऐकूच येत नाही. यूट्यूब लावून दिलं, तर म्हणाले, "दर वेळी मीच काय निवडू? हॉटेलात बसलोय का? कुणीतरी लावावं, मी ऐकावं." स्मार्टफोन त्यांना झेपत नाही. काय करू?

ठाय_लय:
आधी खरखरीचं बघा. मीडियम वेव्ह ऐकत असाल तर घरातले एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर एकेक करून बंद करा, चोर सापडेल. रेडिओ खिडकीशी ठेवून जागच्या जागी फिरवून पाहा. आतली फेराइटची कांडी म्हणजेच अँटेना, ती ठरावीक दिशेनेच नीट पकडते. तरी तानपुऱ्याची झणक पूर्ण मिळणार नाही. मीडियम वेव्हवर वरच्या कंपनसंख्या कापल्याच जातात.

खर्जातला_कोल्हा:
आकाशवाणीची 'रागम्' वाहिनी लावा. २६ जानेवारी २०१६ पासून आहे, चोवीस तास फक्त शास्त्रीय. डीडी फ्री डिशवर मिळते, म्हणजे टीव्हीचा रिमोट पुरे. कर्नाटक संगीतही लागतं, बाबांना मृदंगम् चालतो का?

मुलुंडकर:
मृदंगम् चालेल हो, साबणाची जाहिरात नको!

माळ्यावरचा_रेडिओ:
आमची 'गांधर्व' ही शास्त्रीय संगीताची वाहिनी होती वर्ल्डस्पेस या उपग्रह रेडिओवर. २००९ संपताना सेवाच बंद झाली, संच अजून माळ्यावर आहे, टाकवत नाही.
पेन ड्राइव्ह लागणारा स्पीकर घ्या. प्रहराप्रमाणे भरा: पहाटे अमीर खाँचा ललत राग, मग मल्लिकार्जुन मन्सूर, असं. आणि प्रत्येक रागाआधी तुमच्याच आवाजात निवेदन टाका: राग, ताल, गायक, साथीदार. तेच तर हरवलंय ना!

ठाय_लय:
भारी! बाकी 'पूर्वी सगळं उत्तमच होतं' असं कुणी म्हणू नका हं. १९४० पासून तीन दशकं आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती.

मुलुंडकर (आठ दिवसांनी):
चार्जरच चोर निघाला. दुपारी टीव्हीवर 'रागम्' चालू असतं. पहाटेसाठी पेन ड्राइव्ह भरला, घसा खाकरून निवेदनही केलं. बाबांनी अख्खं ऐकलं, डोळे मिटून. मग म्हणाले, "पेटीवर कोण होतं ते राहिलं की रे!"