मदत हवी आहे : फाउंड्रीसाठी तीन वर्षांचा पर्यावरण आराखडा

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या फाउंड्रीत (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात) क्वालिटी बघतो. मोठ्या गिऱ्हाइकाने आयएसओ १४००१:२०१५ हे पर्यावरण व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र मागितलंय आणि आराखडा करायचं काम माझ्याकडे आलंय.

एका सल्लागाराने तयार फाइल दिली. त्यात 'कागदाचा वापर कमी करणे' हे पहिलं उद्दिष्ट! आमच्याकडे शेडमागे साच्यांत वापरून झालेल्या जळक्या वाळूचा ढीग पत्र्याला टेकलाय. वारा सुटला की शेजारच्या ऊसाच्या पानांवर काळी पूड बसते, बोट फिरवलं तर रेघ उमटते. शेतकरी दोनदा येऊन गेले, आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. आराखडा इथूनच सुरू व्हावा असं मला मनापासून वाटतं.

३० सप्टेंबरपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यायचं पर्यावरण विवरणपत्र आम्ही दरवर्षी भरतो, पण ते आकडे पुढे कुणी बघत नाही. तेच आधारवर्षाचे, म्हणजे पुढची सुधारणा ज्यांच्याशी ताडायची ते, आकडे म्हणून धरावेत का? की आधी सहा महिने वाळू, वीज आणि बॅग फिल्टरमध्ये (धूळ अडवणाऱ्या कापडी पिशव्यांत) जमणारी धूळ प्रति टन कास्टिंग (ओतीव माल) नीट मोजावी?

दुसरं, वाळू पुन्हा वापरण्यासाठी रिक्लमेशन प्लांट एकट्याने परवडत नाही. चार-पाच फाउंड्रींनी मिळून असा प्लांट उभा केल्याचा कुणाला अनुभव आहे का? खर्चाची वाटणी कशी केलीत, आणि वेगवेगळ्या बाइंडरची (वाळू घट्ट धरणाऱ्या पदार्थाची) वाळू एकत्र चालली का?

मालकांसमोर पुढच्या महिन्यात मांडायचंय. कुणी प्रत्यक्ष केलं असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.